हजानबाबा आणि वजीरचं शिंग

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि मी बल्लारशा स्टेशनात पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा, होतो. रेल्वे कॉलनीत बेने इस्राएलांची नऊ घरं होती. मूळची कोकणातली माणसं. आडनावं झिराडकर, पेणकर, नवगावकर अशी. कोणी गार्ड, कोणी फिटर, कोणी तारबाबू. घरात मराठीच बोलत, बायका नऊवारी नेसत, पण देव एकच मानत आणि त्याची मूर्ती करत नसत. शनिवारी कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. कोकणात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, म्हणून तिथं त्यांना शनवार तेली म्हणत. आमच्या गावच्या तेल्यांना हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि 'सोय चांगली हाय' एवढंच बोलले. शनिवारी आम्ही त्यांची अडलेली कामं सांभाळायचो, पोळ्याला ते आमची सांभाळायचे.

एका रिकाम्या क्वार्टरात त्यांची प्रार्थनेची खोली होती. पण प्रार्थना गाणारा माणूस नव्हता. अशा माणसाला ते हजान म्हणतात. प्रार्थना म्हणायची, पोरांना शिकवायचं, लग्न लावायचं, मयताला उभं राहायचं, कोंबडं-बकरं त्यांच्या रीतीनं कापून द्यायचं, सगळं हजानानंच. त्रेपन्न सालच्या श्रावणात मुंबईहून त्यांनी एक हजान आणला. तो मुंबईचा निघाला नाही. समुद्रापलीकडच्या एडनचा निघाला.

त्याचं नाव याह्या. वाळलेल्या खारकेसारखा माणूस, कानांपुढं दोन लांब बटा, आणि आवाज असा की दोन इंजिनं शेजारी उभी असली तरी त्याची प्रार्थना फलाटावर ऐकू यायची. एडनला दंग्यात त्याचं घर जळालं होतं. मग मुंबईत पाच वर्षं ह्याच्या-त्याच्या माडीवर. बायको बद्रा. तिनं एडनहून एक मोठं तांब्याचं पातेलं गाठोड्यात बांधून आणलं होतं. मुंबईत तिनं ते गाठोडं सोडलंच नाही. उद्या उठा म्हटलं तर पुन्हा कोण बांधणार? बल्लारशात सहा महिने झाल्यावर तिनं ते सोडलं, पातेलं चिंचेनं घासलं आणि चुलीवर चढवलं. त्या दिवशी हजानबाबा माझ्याकडं येऊन फक्त एवढं बोलला, "पातेलं निघालं." मी म्हटलं, चांगलं झालं.

मराठी तो भाजीवाल्या गुणाबाईकडून शिकला. त्यामुळे घोटाळा असा झाला की कोकणी वळणाचं मराठी बोलणाऱ्या नऊ घरांना झाडीपट्टीच्या बोलीत धर्म ऐकावा लागला. "देवानं अब्राहामले हाक मारली," तो भर प्रार्थनेत सांगायचा, "म्हणे, काऊन रे बाबा, कुठी हायेस?" बायका पदर तोंडाला लावायच्या. पोरं मात्र ऐकायची, कारण त्यांना हीच भाषा येत होती.

त्यांचे मुकादम, म्हणजे मंडळींचे प्रमुख, एलिजा झिराडकर गार्ड. कडक इस्त्रीचा माणूस. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर स्वतःच्या घड्याळाकडं संशयानं बघणारा. हजानाची नेमणूक वर्षाची, नव्याच्या सणापासून नव्याच्या सणापर्यंत. नव्याचा सण म्हणजे त्यांचं वर्ष सुरू होतं तो दिवस, भाद्रपद-अश्विनात येतो. त्या दिवशी शिंग फुंकायचं असतं आणि सगळ्यांनी ते ऐकायचं असतं.

हजानबाबाचं शिंग एडनहून आलेलं, आफ्रिकेतल्या कुठल्याशा हरणाचं, माणसाच्या कमरेएवढं लांब आणि तीन पिळांचं. पहिल्या वर्षी त्यानं ते फुंकलं तेव्हा यार्डातली एक मालगाडी सिग्नल नसताना चार डबे पुढं सरकली. विसापूरच्या धानातली रानडुकरं नदी ओलांडून गेली ती दिवाळीपर्यंत आलीच नाहीत. मालगाडीचं मी पाहिलं. डुकरांचं विसापूरच्या लोकांनी सांगितलं, आणि ते माझ्यासारखे नाहीत. झिराडकर मुकादम तर इतके खूश झाले की त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं: असं शिंग तुमच्याकडंही नाही.

चोपन्नच्या मे महिन्यात ते शिंग तडकलं.

आमच्या इथला मे ज्यानं काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. पत्र्याखाली फळीवर ठेवलेलं शिंग दुपारी 'टक्' करून बोललं आणि टोकापासून तोंडापर्यंत उभी चीर गेली. असं शिंग त्यांच्या धर्मात बाद. चिकटवलं तरी बाद. हजानबाबानं ते फडक्यात गुंडाळलं आणि पेटीच्या तळाशी ठेवलं. मुकादमांना सांगितलं नाही. मुंबईला लिहावं तर मुंबई आधी मुकादमांनाच कळवणार. वर्ष संपायला चार महिने होते आणि पातेलं चुलीवर होतं.

मला सांगितलं, कारण रान मला माहीत होतं.

"चितळाचं आणू?" मी म्हटलं. "पाहिजे तेवढे पडले हायेत रानात."

"ते भरीव असते. आतून पोकळ पाह्यजे."

"मंग गव्याचं. पोकळ अन् हे एवढं!"

"गायीच्या जातीचं चालत नाई."

"काऊन?"

"आमच्या लोकांनी एकदा सोन्याचं वासरू करून पुजलं होतं. देवाले त्याची आठवण द्याची नाई."

"किती दिवस झाले त्याले?"

"तीन हजार वर्षं झाले असन."

मी म्हटलं, तुमच्या देवाची आठवण आमच्या स्टेशनमास्तरासारखी आहे.

खाटकाकडं मेंढ्यांची शिंगं मिळाली, पण बोटभर. आमच्याकडं मेंढा मोठा व्हायच्या आधीच ताटात येतो. हजानबाबानं त्यातलं एक कोरून फुंकून पाहिलं. पाय चेंगरलेल्या करडासारखा आवाज आला. बद्रा आतून काहीतरी अरबीत बोलली. त्यानं मला अर्थ सांगितला नाही.

अख्ख्या मुलखात खऱ्या शिंगांचा मेंढा एकच होता. पोचू कुरमाराचा वजीर. कुरमार म्हणजे आमच्याकडचे मेंढ्या पाळून घोंगड्या विणणारे लोक. पोचूचा मेंढवाडा गावाबाहेर तलावाच्या पाळीवर होता. वजीर हा टकरीचा मेंढा. नदीकाठच्या मैदानात दर रविवारी टकरी लागत आणि त्यात तो चार वर्षं हरला नव्हता. त्याच्या शिंगांना दोन वेढे पुरे होऊन तिसरा सुरू झाला होता. लोक सांगत, त्यानं एकदा तालुक्याच्या जीपला टक्कर दिली आणि जीपच मागं घेतली गेली.

आम्ही दोघं पोचूकडं गेलो. हजानबाबानं त्याला आधी अब्राहामाची गोष्ट सांगितली. देवानं अब्राहामाची परीक्षा कशी घेतली, पोराला बळी द्यायला कसं सांगितलं, सुरी उचलल्यावर कसं थांबवलं, आणि झुडपात शिंगं अडकलेला मेंढा कसा दिसला, मग पोराच्या ठिकाणी तो मेंढा. म्हणून आम्ही मेंढ्याचं शिंग फुंकतो.

पोचूनं सगळं नीट ऐकलं. विडी विझवून कानावर ठेवली.

"तो मेंढा कोनाचा होता?"

"म्हंजे?"

"मालक कोन त्याचा? झुडपात शिंग अडकलं म्हंजे चरता चरता चुकला असन. कोनी धुंडत असन ना त्याले संध्याकाळी? त्याले सांगतलं का कोनी?"

हजानबाबा म्हणाला, "तीस वर्षं शिकलो, भाऊ. हे कोनी विचारलं नाई."

"विचाराले पाह्यजे होतं," पोचू म्हणाला. वजीर विकायचा नाही, शिंग कापून द्यायचं नाही, आणि वजीर मेल्यावरही शिंग मेंढवाड्याबाहेर जाणार नाही. त्यांच्यात तशी रीत होती. आपल्या मेंढ्याचं शिंग वाड्याच्या बाहेर गेलं तर कळप खुरीच्या रोगानं बसतो. टकरीत कोणाचं शिंग निखळलं तर ते परत आणून वाड्यातच पुरतात.

"दुसऱ्या कोनाचं निखळलं तर?" मी विचारलं.

"ज्याचं निखळन त्याले विचारा. सगळेच काई कुरमार नसते."

तेवढ्या आशेवर हजानबाबा दर रविवारी मैदानात जाऊ लागला. पांढरा झगा, गोल टोपी, कानांपुढं बटा. एका कडेला उभा राहायचा. कोणाला इजा व्हावी म्हणून देवाला मागणं त्याला पटत नव्हतं, म्हणून काहीच मागत नव्हता. नुसता उभा. वजीरची शिंगं बघायला मिळावीत म्हणून तो नेहमी वजीरच्याच बाजूला उभा राहायचा, आणि वजीर तर जिंकतच होता.

पैजा लावणाऱ्यांनी याचा अर्थ लगेच काढला. दूरदेशचा बाबा ज्या बाजूला उभा राहतो ती बाजू जिंकते! त्या काळी आमच्याकडं पैज कोंबड्यांची. तिसऱ्या रविवारपासून बाबा मैदानात शिरला की माणसांचा लोंढा त्याच्या मागं. तो डावीकडं गेला की सगळे डावीकडं. एकदा त्याला नुसतं लघवीला जायचं होतं, तर दीडशे माणसं पळसाच्या झुडपापर्यंत गेली. जिंकणारे त्याच्या पाया पडायचे आणि सोमवारी सकाळी त्याच्या ओट्यावर एखादी कोंबडी बांधलेली असायची. नेऊन परत द्यावी तर कोणाची ते कळायचं नाही.

भाद्रपद लागला तेव्हा ओट्यावर अकरा कोंबड्या होत्या आणि झिराडकर मुकादम समोर उभे होते. मी तिथंच होतो, बादली घेऊन.

"हजानसाहेब, ह्या कोंबड्या कुठल्या?"

"लोकं देऊन राह्यले."

"कशाबद्दल?"

हजानबाबाला खोटं बोलता येत नव्हतं. "मी तिथी उभा राह्यतो म्हणून."

"कुठं?"

"टकरीच्या मैदानात."

मुकादमांचा चेहरा लाल सिग्नलसारखा झाला. "म्हणजे लोक सांगतात ते खरं! आमचा हजान मेंढ्यांवर पैजा खेळतो!"

"मी पैज लावत नाई."

"मग दर रविवारी तिथं जाता कशाला? सांगा ना!"

ते सांगायचं तर तडकलेलं शिंग सांगावं लागणार. हजानबाबा वाकून एका कोंबडीची दोरी सैल करू लागला. आतून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"ठीक आहे," मुकादम म्हणाले. "नव्याच्या सणापर्यंत तुम्ही आमचे हजान. प्रार्थना म्हणा, शिंग फुंका. सण झाला की पंचांची बैठक घेऊ. आणि मी काय सांगणार ते तुम्हाला कळलं असेल." जाताना त्यांनी कोंबड्या पुन्हा मोजल्या.

सणाला नऊ दिवस राहिले असताना शेवटची मोठी टक्कर झाली. सिरोंच्याकडून एक काळा मेंढा आणला होता. तेलुगूत दिलेल्या शिव्या कळतात म्हणे त्याला. दोघं वीस-वीस पावलं मागं सरले आणि आले. त्या टकरीच्या आवाजानं माणिकगडाच्या बुरुजाचा दगड पडला असं मी अनेकांना सांगितलं आहे. पण झालं ते एवढंच, की धूळ खाली बसली तेव्हा वजीर गुडघ्यावर होता आणि त्याचं उजवं शिंग मुळासकट चार हातांवर पडलं होतं.

पैज हरलेले दीडशे लोक हजानबाबाकडं बघत होते. मी शिंगाकडं. अख्खं, चीर नाही, दोन वेढे पुरे. हात लांब केला असता तरी पुरलं असतं.

हजानबाबा शिंगावरून पाय टाकून पुढं गेला. मातीत बसला, वजीरचं डोकं मांडीवर घेतलं, झग्यावर कमरेला बांधलेलं फडकं सोडलं आणि रक्त येत होतं तिथं दाबून धरलं. जनावराची मान त्याच्या इतकी कोणाला कळत होती? इतकी वर्षं कापतच आला होता. कुठं दाबायचं तेही त्याला माहीत.

"कापून टाक, बाबा," पोचू म्हणाला. "तुह्या सुरीनं दुखत नाई म्हणतेत. एका शिंगाचा मेंढा काय कामाचा!"

"वाचते हा. हळद आण. अन् चुना."

सात दिवस हजानबाबा सकाळ-संध्याकाळ मेंढवाड्यावर गेला. मंडळींत बोलणं झालं, की आता हा मेंढ्यांबरोबरच राहायला लागला. आठव्या दिवशी वजीरनं उभं राहून आपल्या मालकाला एक ढुशी दिली. पोचूनं घोंगडीखालून शिंग काढलं.

"हे पुरलं नाई मी. तुह्यासाठी ठेवलं. पन वाड्याबाहेर नाई नेऊ देनार. फुकाचं असन तर इथी फुक."

हजानबाबानं कपाळावर हात मारला. "मी एकट्यानं फुकून काय करू? आमच्या नऊ घराईनं ऐकाले पाह्यजे!"

"मंग त्याईले आन."

आम्ही दोघंही हसलो. मग हसायचं थांबलो.

शिंग वाड्यातच मडक्यात उकडलं, आतलं हाड काढलं, टोक कापून भोक पाडलं. त्या वासानं तलावातले बगळे दोन दिवस दुसऱ्या गावाला गेले. एक अडचण राहिली. सणाच्या दिवशी गावाच्या शेवटच्या घरापासून दोन हजार हातांपलीकडं चालायचं नाही, असा त्यांचा कायदा. हात म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत. सणाच्या आदल्या दिवशी मी रेल्वेची साखळी घेतली आणि आधी साखळीला माझ्या हाताचं माप लावलं. मग शेवटच्या घरापासून वाड्यापर्यंत मोजलं, एकोणीसशे ऐंशी भरले. कोलू गँगमनचा हात माझ्यापेक्षा आखूड आहे. त्याच्या हातानं मोजलं तर किती भरतील हे कळू नये म्हणून त्याला बोलावलं नाही.

मंगळवारी सण. सगळी नऊ घरं पांढऱ्या कपड्यांत प्रार्थनेच्या खोलीत. मी दाराबाहेर उभा होतो. शिंग फुंकायची वेळ आली तेव्हा हजानबाबानं पेटी उघडली, फडकं सोडलं आणि ती लांब चीर सगळ्यांसमोर धरली.

"मे महिन्यात तडकलं. चार महिने लपवलं मी. भेव वाटलं, तुमी काढून द्याल म्हणून. मैदानात जात होतो ते शिंगासाठी. आता एक शिंग हाय, पन ते पोचूच्या वाड्यात हाय अन् तिथून निघत नाई. ज्याले ऐकाचं असन त्यानं माह्यासंगं चालावं. बाकी बैठकीत जे ठरवाल ते ठरवा."

"आणि कोंबड्या?" मुकादमांनी विचारलं.

"त्या पैजवाल्याईच्या चुकीनं आल्या."

"नव्याच्या सणाला," मुकादम एकेक शब्द तोडत म्हणाले, "ही मंडळी मेंढ्यांच्या शेणात जाऊन उभी राहणार? मुंबईला काय सांगू मी?"

त्यांच्या बायकोनं, सिम्हाबाईंनी, तोवर चपला पायात घातल्या होत्या. "मुंबईला सांगू नका. मागच्या वर्षी काय कमी सांगितलंत? शिंग ऐकायचं आहे ना? मग चला. नाहीतर इथं बसा आणि घड्याळ ऐका."

नऊ घरं निघाली. धानाच्या बांधावरून एकामागं एक, साड्या उचलून, पाटलोणी दुमडून. सगळ्यात मागं मुकादम. मी हात मोजत होतो. वाड्याच्या कुंपणाशी पोचू धुतलेलं पागोटं बांधून उभा होता. त्यानं बायकांना म्हटलं, "या बाई, पाय जपून," आणि मुकादमांना काहीच म्हटलं नाही.

हजानबाबानं शिंग तोंडाला लावलं. एडनच्या शिंगासारखा आवाज नव्हता. घोगरा, खालचा, पोटातून निघालेला. पहिला निघाला तसा कोपऱ्यात बसलेला वजीर उठला. आपलाच आवाज कोणीतरी काढतंय असं त्याला वाटलं असेल. माझ्या मनानं तरी तसंच. तो एका शिंगानं वाकडा वाकडा पुढं आला, हजानबाबाला सोडून, पोरांना सोडून, बायकांना सोडून, आणि त्यानं मुकादमांच्या इस्त्रीला मागून बरोबर मध्यावर ढुशी दिली. मुकादम लेंड्यांत बसले.

शिंग थांबलं. सगळे थांबले. हजानबाबाचा चेहरा पिठासारखा झाला होता. एका सणाच्या दिवशी याहून जास्त काय घालवायचं असतं!

मुकादम उठले नाहीत. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, ते चालू आहे हे पाहिलं आणि खालूनच ओरडले, "तीस आवाज व्हायला पाहिजेत. आत्ता एक झाला. थांबलात कशाला, हजानसाहेब? मध्ये खंड पडू देऊ नका!"

तीस झाले. वजीर तेवढा वेळ मुकादमांच्या बाजूला उभा राहून ऐकत होता. पुन्हा त्रास दिला नाही. विसापूरची डुकरं त्या वर्षीही गेली की नाही ते मी विचारलं नाही.

बैठक झालीच नाही. मंडळी बांधाकडं वळली तेव्हा मुकादम मागं राहिले. त्यांनी वाड्यात इकडून तिकडं पावलं टाकली, वर आभाळाकडं पाहिलं, मग पोचूला म्हणाले, "पुढच्या वर्षी सण लवकर येतो. पाऊस असेल. इथं एक छप्पर घालता येईल का?"

"घाला ना," पोचू म्हणाला. "पन शेण काढनार नाई मी. ते तुमीच काढा."

"आमच्याकडं सगळ्याला माणसं आहेत," मुकादम म्हणाले आणि पॅन्ट झटकत बांधावरून निघाले.

हजानबाबानं हे ऐकलं की नाही, कोण जाणे. तो वजीरच्या कपाळावरचं हळदीचं फडकं नीट करत होता, आणि बद्रा त्याला अरबीत सांगत होती, की आता पुरे, घरी चल, जेवायला लोक येणार आहेत.